बिनसांध्याची नक्षी: एक आणि अनेक

डिजिटल स्क्रॅपबुकाच्या पानामागे नक्षीचा जो कागद वापरतात, तो बहुधा 12 इंच लांब आणि 12 इंच रुंद असतो. इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने त्याची एकेक बाजू 3600 पिक्सेलची होते. एवढा कागद सबंध रंगवत कोणी बसत नाही. 600 पिक्सेलचा एक चौकोन तयार करून तो सहा ओळींत सहा-सहा वेळा मांडला, की छत्तीस चौकोनांत कागद भरतो. या चौकोनाला टाइल म्हणतात. दोन टाइल्स शेजारी ठेवल्यावर मधली रेघ दिसली नाही आणि एकीतली वेल दुसरीत न तुटता शिरली, तर नक्षी बिनसांध्याची झाली. संगणकावर हे काम तासाभरात उरकते. त्यातून निघणारा प्रश्न मात्र न्यायसूत्रांइतका जुना आहे. या कागदावर नेमके काय आहे? छत्तीस वस्तू आहेत, छत्तीस ठिकाणी असलेली एकच वस्तू आहे, की छत्तीस वेळा लागू झालेला एक नियम?

आधी कृती पाहावी लागते, कारण प्रश्नाची अर्धी उकल तिच्यातच आहे. फोटोशॉपमध्ये ‘ऑफसेट’ नावाचा फिल्टर आहे. गिंपमध्येही त्याच नावाची सोय आहे. 600 पिक्सेलची टाइल आडवी 300 आणि उभी 300 पिक्सेल सरकवायची आणि ‘रॅप अराउंड’ हा पर्याय चालू ठेवायचा. उजवीकडून बाहेर पडलेला भाग डावीकडून आत येतो, खालून गेलेला वरून उतरतो. चारही कोपरे मध्यभागी एकमेकांना भेटतात आणि जुन्या कडा चित्राच्या मधोमध अधिकच्या चिन्हासारख्या उघड्या पडतात. नव्या कडांची चिंता नसते. सरकवण्यापूर्वी त्या चित्राच्या मध्यात एकमेकींना लागूनच होत्या, त्यामुळे त्या जुळलेल्याच असतात. मग मधली रेघ क्लोन स्टॅम्पने, हीलिंग ब्रशने किंवा साध्या कुंचल्याने बुजवायची, बाहेरच्या कडांना हात न लावता. वेगळा आकडा घालून पुन्हा सरकवले, की राहून गेलेला दोष वर येतो. तो निघाला की ‘डिफाइन पॅटर्न’ देऊन टाइल साठवतात. क्रिटा या प्रोग्रॅममध्ये रॅप अराउंड चालू ठेवूनच रंगवता येते. तिथे कुंचला उजव्या कडेबाहेर गेला, की त्याच फटकाऱ्यात डाव्या कडेने आत येतो आणि सरकवण्याची पायरीच उरत नाही.

नवशिक्याचे काम फसते ते बहुतेक शेवटी. टाइल तयार झाल्यावर तिच्यावर ब्लर किंवा सावलीचा परिणाम दिला, तर प्रोग्रॅम कडेपाशी थांबतो. पलीकडे तीच टाइल पुन्हा सुरू होते याची त्याला कल्पना नसते, आणि पुसलेला सांधा परत उमटतो. टाइलचा आकार नंतर बदलला तरी असेच होऊ शकते. आकार कागदाला न जुळणे हा मात्र वेगळा दोष: 1000 पिक्सेलची टाइल 3600च्या कागदात साडेतीनहून थोडी जास्त वेळा बसते. कागदाच्या आत सांधा दिसत नाही, पण नक्षी कडेला कुठेतरी मध्येच कापली जाते.

ऑफसेटची युक्ती नीट पाहिली तर तिच्यात सांधा नाहीसा करण्याआधी तो समोर आणला जातो. कड मध्यात येते, मध्य कडेला जातो, आणि त्यामुळे टाइलच्या मूळ स्वरूपात काही फरक पडत नाही. गणिती भाषेत सांगायचे तर अशा टाइलची डावी कड उजव्या कडेला आणि वरची कड खालच्या कडेला चिकटवलेली असते. हा पृष्ठभाग मेदूवड्यासारखा, मध्ये भोक असलेला असतो. त्याला टोरस म्हणतात. टोरसला कड नसते, मध्यही नसतो. टाइलला चार बाजू आहेत असे दिसते, कारण ती चौकोनी पडद्यावर उलगडून दाखवावी लागते. याचा एक परिणाम असा, की तयार कागदातून 600 पिक्सेलचा कोणताही चौकोन कुठूनही कापला आणि तो टाइल म्हणून वापरला, तरी नक्षी हुबेहूब तीच येते. मूळ टाइल नावाचा खास तुकडा नक्षीत नसतोच. कारागिराने जिथून सुरुवात केली ती जागा त्याच्या सोयीची होती, एवढेच.

अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि भागांचे बनलेले पूर्ण, यांच्या वादात हे उदाहरण एरवी मिळत नाही असे काही देते. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात हा वाद येतो. नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांच्या, मते कापड म्हणजे नुसता धाग्यांचा ढीग नव्हे; धाग्यांत समवाय या अविभाज्य संबंधाने राहणारे ते एक वेगळे द्रव्य आहे. बौद्धांना हे मान्य नाही. बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीने हरकत घेतली ती अशी, की अवयवी खरोखर एक असेल तर त्याचा एक भाग रंगवल्यावर तो सबंध रंगला म्हणायचा की नाही? एक भाग झाकला तर सबंध झाकला गेला का? दोन्ही बाजूंनी एक गोष्ट मात्र गृहीत धरलेली असते: अवयव आधी ठरलेले आहेत, धागा कुठे संपतो हे ठाऊक आहे. बिनसांध्याच्या नक्षीत हेच गृहीत कोसळते. सबंध नक्षी निश्चित आहे, पण तिचे अवयव कुठून कुठपर्यंत, हे पाहणारा ठरवतो. बौद्धांच्या उलट इथे अवयवच कल्पनेने पाडलेले निघतात. त्यामुळे नैयायिकांचा विजय झाला असे मात्र नाही, कारण ज्या अवयवांवर अवयवी राहायचा तेच अस्थिर आहेत.

नक्षीदार कापडाचा विचार न्याय-वैशेषिकांनी स्वतंत्रपणेही केला होता, आणि तो आज जितका वाचला जायला हवा तितका वाचला जात नाही. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात रंगांचे सात प्रकार दिले आहेत. शुक्ल, नील, पीत, रक्त, हरित आणि कपिश या सहांनंतर सातवा ‘चित्र’. हा सातवा रंग अडचणीतून जन्मला. रंग आपल्या आश्रयाला पूर्ण व्यापून राहतो असा सिद्धांत होता. मग निळ्या-पिवळ्या धाग्यांच्या एका कापडाचा रंग कोणता? निळा म्हणावा तर ते सगळे निळे नाही, पिवळा म्हणावा तर सगळे पिवळे नाही, आणि रंगच नाही म्हणावे तर कापड डोळ्यांना दिसायलाच नको. म्हणून सबंध कापडाला व्यापणारा ‘चित्र’ नावाचा एकच रंग मानला गेला. पुढे काही नव्य नैयायिकांनी तो नाकारला आणि रंग द्रव्याचा काही भागच व्यापू शकतो, असे म्हटले. पडद्याचा हिशेब या दुसऱ्या पक्षाला धार्जिणा आहे. प्रत्येक पिक्सेलला आपापला लाल, हिरवा, निळा आकडा असतो आणि त्यापलीकडे ‘चित्र’ असा आकडा कुठल्याही फाइलमध्ये सापडत नाही. तरीही कागद निवडणारा माणूस एकेक पिक्सेल पाहत नाही. त्याला दिसते ती सबंध कागदावर पसरलेली एक गुणवत्ता, जी कोणत्याही एका ठिपक्यात नाही. जुन्या नैयायिकांनी तिला नाव दिले, हे त्यांच्या निरीक्षणाचे श्रेय आहे. तिला रंगांच्या यादीत बसवले, हा यादीचा दोष.

दुसरा प्रश्न जातीचा, म्हणजे अनेकांत असणाऱ्या एकाचा. न्याय-वैशेषिक मतात सामान्य, म्हणजेच जाती, हे एक असते, नित्य असते आणि अनेक व्यक्तींमध्ये, म्हणजे सुट्या वस्तूंमध्ये, राहते. नैयायिक उदयनाने त्यावर बंधने घातली. त्यांतले पहिले असे, की व्यक्ती एकच असेल तर तिची जाती मानता येत नाही. म्हणून आकाशाला आकाशत्व ही जाती नाही. हे बंधन नक्षीलाही चपखल लागू पडते. एकदाच वापरलेली टाइल हे नुसते चित्र असते, दुसऱ्यांदा मांडली की नक्षी सुरू होते.

धर्मकीर्तीने या मताची जी खिल्ली उडवली, तिचा आशय असा: नवी व्यक्ती निर्माण झाली तेव्हा तिच्यातले सामान्य आले कुठून? ते तिथे आधी नव्हते. दुसरीकडून चालत आले म्हणावे तर जुनी जागा त्याने सोडलेली नाही. त्याचा एक तुकडा आला म्हणावे तर त्याला तुकडेच नाहीत. आता 3600 पिक्सेलचा कागद वाढवून 7200 पिक्सेलचा केला, की छत्तीसच्या जागी एकशे चव्वेचाळीस टाइल्स होतात. नवी नक्षी कुठून आली? प्रोग्रॅमचे उत्तर स्वच्छ आहे: कुठूनही नाही. प्रत्येक ठिपक्यासाठी एक भागाकार होतो आणि बाकी तेवढी घेतली जाते. डावीकडून 1250 वा आणि वरून 3100 वा ठिपका कोणत्या रंगाचा, हे ठरवताना दोन्ही आकड्यांना 600ने भागतात. बाकी उरते 50 आणि 100. टाइलमधल्या त्या स्थानी जो रंग असेल तोच इथे येतो. काही प्रवास करत नाही, काही विभागले जात नाही.

इथपर्यंत बौद्ध पक्ष जिंकतो. धर्मकीर्तीचे औषधींचे उदाहरणही इथे आठवते. गुळवेल, नागरमोथा या वेगवेगळ्या वनस्पती ताप उतरवतात. त्यासाठी त्या सगळ्यांत एखादे ‘तापहारकत्व’ दडलेले असावे लागत नाही. तसेच पडद्यावरच्या छत्तीस टाइल्सचे ठिपके वेगळे, त्यांना उजळणारा प्रकाश वेगळा, आणि त्यांना एक म्हणणे ही पाहणाऱ्याच्या बुद्धीची सवय. परंतु औषधींचे उदाहरण पूर्ण पुरत नाही. गुळवेल आणि नागरमोथा एकमेकांना ओळखत नाहीत. सदतिसावी टाइल मात्र पहिलीशी जुळलीच पाहिजे, आणि जुळली नाही तर चूक झाली असे म्हणता येते. चूक म्हणता येते, याचा अर्थ ठिपक्यांच्या अगोदर त्यांना बांधणारे काहीतरी आहे. ते म्हणजे भागाकाराचा नियम. नैयायिकांनी जातीला जी जागा दिली तिथे हा नियम बसतो: तो एक आहे, अनेकांना लागू आहे आणि कोणत्याही व्यक्तीत संपत नाही. फक्त तो नित्य नाही. फाइल पुसली की त्याचे काम संपते.

आता संख्येकडे. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिझने 1716 साली इंग्रज विचारवंत क्लार्कला लिहिलेल्या पत्रात एक बागेतला प्रसंग सांगितला आहे. हेरेनहाउझेनच्या बागेत एका गृहस्थाला अगदी सारखी दोन पाने मिळतील असे वाटत होते. तो शोधत हिंडला आणि त्याला मिळाली नाहीत. सर्व गुणांनी सारख्या दोन वस्तू दोन असूच शकत नाहीत, असे लायबनिझचे म्हणणे. झाडाच्या पानांबाबत त्याचा विश्वास सार्थ ठरला, पण टाइलच्या पानांबाबत ठरत नाही. तिथे पहिल्या आणि विसाव्या पानातला फरक फक्त जागेचा आहे, आणि ही जागासुद्धा कागदाच्या कडेपासून मोजावी लागते. कड काढून टाका, नक्षी चारही दिशांनी अनंत पसरली आहे अशी कल्पना करा. मग आपण कोणत्या टाइलवर उभे आहोत हे सांगण्याचा काहीही उपाय राहत नाही. मॅक्स ब्लॅकने 1952 साली लायबनिझविरुद्ध असाच युक्तिवाद केला होता: विश्वात दोनच गोल आहेत आणि ते सर्वस्वी सारखे आहेत, तर त्यांना वेगळे करणारा गुण कोणता? वेगळेपणाचा आधार नक्षीच्या आत मिळत नाही, तो चौकटीकडून येतो.

जपमाळ हेच सांगते, आणि तत्त्वज्ञांपेक्षा थोडक्यात. माळेत 108 मणी असतात आणि शिवाय एक मेरुमणी. माळ वर्तुळ आहे, तिला सुरुवात-शेवट नाही. मणी सारखे, नाम तेच; बोटांना कुठे पोहोचलो हे कळायला आधार नाही. मेरुमणी तो आधार देतो. तो ओलांडायचा नसतो. तिथे पोहोचल्यावर माळ उलटी फिरवतात. म्हणजे माळ करणाऱ्यांनी बिनसांध्याच्या वर्तुळात मुद्दाम एक सांधा ठेवला आणि आवर्तनाची मोजणी त्याच्यावर टेकवली. स्क्रॅपबुकाचा कागद करणारा जो सांधा पुसतो, तो जप करणाऱ्याला हवा असतो. दोघांची गरज वेगळी आहे. एकाला आवर्तन विसरायला लावायचे आहे, दुसऱ्याला त्याचा हिशेब ठेवायचा आहे.

अनंत नक्षी म्हटली की अनंत ईश्वर आठवावा, ही उडी फार सोपी आहे आणि म्हणूनच तपासून घ्यायला हवी. ग्रानाडाच्या अलहंब्रा राजवाड्यातल्या भिंतींबाबत ती वारंवार मारली जाते. चौदाव्या शतकातल्या त्या फरश्यांवरचे तारे आणि पट्टे चौकटीपाशी अचानक कापले जातात, जणू नक्षी पलीकडेही चालूच आहे. इस्माईल अल-फारूकी यांनी अशा अलंकरणात तौहीदचा, म्हणजे ईश्वराच्या एकत्वाचा आणि अवर्णनीयतेचा आविष्कार पाहिला. गुलरू नेजिपोलू यांनी तोपकापी राजवाड्यातल्या नक्षींच्या गुंडाळीवरील आपल्या 1995च्या ग्रंथात अशा कालनिरपेक्ष वाचनावर टीका केली. नक्षीमागे ठरावीक काळ, ठरावीक दरबार आणि ठरावीक वाद असतात, असा त्यांचा आग्रह आहे, आणि तो योग्य आहे. भूमितीला स्वतःचा धर्म नसतो. तीच जाळी मशिदीतही शोभते आणि न्हाणीघरातही. इस्लामी विचाराशी नक्षीचे खरे साम्य शोधायचे तर ते अशअरी पंथाच्या अणुवादात सापडते. त्या मतात काळ आणि पदार्थ तुटक आहेत, आणि ईश्वर प्रत्येक क्षणी जग नव्याने निर्माण करतो. सलग दिसते ते त्याच्या वहिवाटीमुळे. वस्तूंना एकमेकींशी बांधणारे बळ वस्तूंत नाही. बौद्धांचा क्षणभंगवाद, म्हणजे सर्व काही क्षणिक आहे हे मत, ईश्वर वगळून जवळपास त्याच ठिकाणी येतो. दोन्ही मतांत जग टाइल्सचे आहे आणि सांधा न दिसणे हीच स्पष्टीकरण मागणारी गोष्ट आहे.

सांधा लपवणे प्रामाणिक आहे का, हा नीतीचा प्रश्न एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये गंभीरपणे विचारला गेला. 1849 साली ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’मध्ये जॉन रस्किनने यंत्राने केलेल्या किंवा साच्यात ओतलेल्या अलंकरणाला फसवणूक ठरवले. हाताचे श्रम झालेले नसताना ते झाल्याचा भास त्यात होतो, हा त्याचा आक्षेप. विल्यम मॉरिस त्याला गुरू मानत असे, पण लाकडी ठशांनी छापल्या जाणाऱ्या भिंतीच्या कागदांचे आराखडे काढणाऱ्याला आवर्तन टाळणे शक्य नव्हते. 1862 सालच्या ‘ट्रेलिस’पासून त्याने हे काम केले. नक्षीत थोडे गूढ असावे आणि ती कशी रचली हे शोधत डोळ्याने रेषांमागे धावू नये, असे त्याचे मत होते. मॉरिसला ठाऊक होते ते आजच्या टाइल करणाऱ्यालाही उमगते: सांधा दिसणे आणि आवर्तन दिसणे हे दोन निरनिराळे दोष आहेत. कडा उत्तम जुळल्या, पण टाइलमध्ये एकच ठळक लाल फूल असले, तर कागदावर लाल ठिपक्यांच्या रांगा उभ्या राहतात. त्यावर उपाय म्हणजे ठळक गोष्टी विखुरणे, किंवा दर दुसरा स्तंभ अर्ध्या टाइलने खाली सरकवणे, ज्याला हाफ-ड्रॉप म्हणतात. सांधा ही कारागिरीतली उणीव. ती काढण्यात लबाडी नाही. आवर्तन ही वस्तुस्थिती आहे, आणि छत्तीस वेळा छापलेली नक्षी एका बैठकीत रंगवलेले चित्र म्हणून विकली गेली, तर रस्किनचा आक्षेप जसाच्या तसा लागू होतो.

कांटची भूमिका याहून निराळी आहे. 1790च्या ग्रंथात, म्हणजे सौंदर्यनिर्णयाच्या मीमांसेत, त्याने स्वतंत्र सौंदर्याच्या उदाहरणांत चौकटीवरची आणि भिंतीच्या कागदावरची पर्णनक्षी घेतली. ती कशाचे प्रतीक नाही, कोणत्याही संकल्पनेवर ती तोलायची नाही. स्क्रॅपबुकाचे बरेच कागद या कसोटीला उतरत नाहीत, कारण त्यांवर बाळाची पावले, नाताळचे हिमकण किंवा वाढदिवसाचे फुगे असतात आणि ते प्रसंग सांगतात.

प्रसंग हीच स्क्रॅपबुकाची मुख्य बाब, आणि त्या छंदाच्या मुळाशी धर्मही आहे. 1980 साली सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या जागतिक नोंद परिषदेत युटामधल्या क्रिस्टेन्सन कुटुंबाने आपल्या आठवणींच्या वह्या मांडल्या. अमेरिकेतल्या आधुनिक स्क्रॅपबुकाची गोष्ट बहुधा तिथून सांगतात. तिथल्या मॉर्मन समाजात कुटुंबाचे नाते मरणापलीकडे टिकते अशी श्रद्धा आहे. म्हणून वंशावळ शोधणे, दैनंदिनी ठेवणे, छायाचित्रे जपणे ही तिथे केवळ हौस नाही, ती धर्मकर्तव्याला लागून असलेली गोष्ट आहे. पानावर चिकटवलेला फोटो एका क्षणाचा असतो. तो क्षण परत येत नाही. त्याच्यामागे असतो तो कागद, ज्यात प्रत्येक गोष्ट परत येते. ही जोडणी छंदापुरती सोयीची असली तरी तात्त्विक दृष्टीने नेमकी आहे. फोटो ठेवताच नक्षीतली एक जागा इतर जागांहून वेगळी होते. आतापर्यंत कोणत्याही टाइलला नसलेला पत्ता त्या जागेला मिळतो: फोटोच्या डावीकडची, फोटोखाली झाकलेली, फोटोपासून तिसरी. लायबनिझच्या गृहस्थाला बागेत जो फरक दिसला, तो नक्षीला बाहेरून द्यावा लागतो.

नियम आणि आवर्तन यांना एकच समजण्याची सवय मात्र आता सोडावी लागते. रॉजर पेनरोज यांनी 1974 साली दोनच आकारांच्या फरश्यांनी अशी रचना दाखवली, की ती सबंध पृष्ठभाग भरते, कडक नियमाने भरते, पण कधीच पुन्हा पहिल्यासारखी सुरू होत नाही. तिचा कोणताही मर्यादित तुकडा इतरत्र अगणित वेळा सापडतो. पण सबंध रचना कितीही सरकवली तरी स्वतःवर बसत नाही. 2023 साली डेव्हिड स्मिथ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी ‘हॅट’ नावाच्या एकाच आकाराने हे साधले. त्या रचनेत काही फरश्या आरशातल्या प्रतिमेसारख्या उलटवाव्या लागतात. भागाकाराची बाकी घेऊन अशी नक्षी निघत नाही, आणि तिच्यातून कापलेला कोणताही आयत टाइल म्हणून चालत नाही. स्क्रॅपबुकाच्या कागदावर ती हवी असेल, तर ‘डिफाइन पॅटर्न’चा उपयोग नाही, 3600 पिक्सेलचा सबंध कागदच आखून साठवावा लागतो.